दुधाच्या कॅनमधले बाण

एप्रिलमध्ये एका बर्चच्या खोडानं उलटी लाथ मारली आणि रेइनो कांगासचा उजवा खांदा निकामी झाला. तीस वर्षं त्यानं जंगलात लाकूडतोड केली, हजारो झाडं आडवी पाडली, आणि शेवटी एका आडव्या झालेल्या झाडानंच त्याला गाठलं. दवाखान्यातून घरी आला तेव्हा हात गळ्यात बांधलेला होता आणि तोंड मिटलेलं होतं. हात जूनमध्ये सुटला. तोंड ऑगस्ट उजाडला तरी मिटलेलंच होतं.

घरात माणसं तीन. रेइनो, त्याची बायको आयली आणि त्याची त्र्याऐंशी वर्षांची आई लेम्पी. मुलगी सिल्वी लग्न करून दुलुथला गेलेली. उत्तरेकडच्या मोठ्या सरोवराच्या काठचा हा मुलूख थंडीचा. ऑक्टोबर सरता सरता बर्फ पडायला लागतं ते एप्रिलपर्यंत हलत नाही. तेवढे महिने या घरातल्या ताटात हरणाचं मांस पडायचं, आणि ते हरीण रेइनो दर ऑक्टोबरात धनुष्यानं मारायचा. बंदुकीचा हंगाम उघडतो नोव्हेंबरच्या मध्याला, पण तोवर बर्फाला कंटाळून हरणं दक्षिणेकडे उतरलेली असतात. बंदूकवाले मग शेकोटीभोवती बसून बिअर पितात आणि मागच्या वर्षीच्या गप्पा मारतात.

ऑगस्टमध्ये आयलीनं कोठारातला मोठा फ्रीजर उघडला. तळाला दोन पुडकी होती. लेम्पी काठी टेकत आली आणि आत डोकावली.

"एवढ्यात माझ्या मयताचं जेवण निघेल," ती म्हणाली. "हिवाळा नाही निघायचा."

घरामागे चाळीस एकर जंगल होतं. लेम्पीच्या नवऱ्यानं, ओस्कारीनं, ते भावाबरोबर मिळून घेतलेलं, आणि अजूनही दोन्ही घरांचं सामाईक. त्यात मचाणं दोन. एक टेकडीच्या कडेला, तिथं वारा नेहमी चुकीच्या बाजूनं येतो. दुसरं खालच्या दलदलीपाशी, देवदारांच्या दाटीत. हरणांची वाट त्याच्या पायाखालून जाते. हे दुसरं मचाण रेइनोचं, आणि टेकडीवरचं त्याच्या चुलतभावाचं, तौनोचं.

आता मचाण कुणाचं हे कागदावर कुठंच नव्हतं. ओस्कारीचा नियम तेवढा होता. फार पूर्वी कुणाच्या तरी बाणानं एक हरणी पोटात जखमी होऊन दलदलीत हरवली. ओस्कारीनं तीन दिवस चिखल तुडवला आणि ती सापडली नाही. तेव्हापासून सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी गवताच्या गठ्ठ्यावर कागदी ताटली लागायची, आणि पंचवीस पावलांवरून शिकारीचंच पातं लावलेले पाच बाण मारायचे. पाचही ताटलीत हवेत. एक जरी बाहेर गेला तरी त्या वर्षी मचाण दुसऱ्याचं. खटक्याचं धनुष्य चालत नाही, हातानं ताणावं लागतं. आणि एकदा हातचं गेलेलं मचाण परत मिळाल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं.

तौनो आला तो राय धान्याच्या काळ्या पावाची लादी घेऊन. तो सरकारी रस्त्यांवरचं बर्फ काढायची गाडी चालवायचा. पगार नेमानं यायचा, आणि शिकारीचं काही नवं निघालं की पहिलं त्याच्या अंगावर दिसायचं. वाईट माणूस नव्हे. पण दुसऱ्याच्या अडचणीत आपली सोय दिसली की त्याला फार कनवाळू व्हायला व्हायचं.

"दादा, खांदा कसाय?"

"जागेवर आहे," रेइनो म्हणाला.

"नाही, म्हटलं, यंदा देवदारातलं मचाण रिकामंच राहणार. उगाच वाया कशाला घालवायचं? मी बसतो. हरीण पडलं तर एक मांडी पाठवीनच ना मी. परके आहोत का आपण?"

रेइनोनं कॉफी ढवळली. तो साखर घेत नसे, तरी ढवळत राहिला.

आयली मोरीपाशी भांडी विसळत होती. मांडी हा शब्द तिच्या कानात जाऊन बसला. आपल्या घरामागचं हरीण, आणि त्यातली एक मांडी आपल्याला दान म्हणून येणार. ती आली की पुसून घ्यायची, आभार मानायचे आणि रिकामं ताट धुऊन परत पाठवायचं. तिनं हात पुसले.

"रिकामं नाही राहायचं ते," ती म्हणाली. "मी बसणार आहे."

तौनो हसला. मग कुणीच हसत नाही हे बघून थांबला. "वहिनी, ताटलीवर पाच लागतात."

"पाचपर्यंत मोजता येतं मला."

"बायका कधी बसल्यात का मचाणावर? काकू, तुम्ही तरी सांगा."

लेम्पी पावाचा वास घेत होती. "ओस्कारीच्या नियमात पाच बाण होते, ताटली होती," ती म्हणाली. "पुरुष होता का काही? मला तरी आठवत नाही. पाव कालचा आहे का रे हा?"

तौनो गेल्यावर रेइनोनं बायकोकडे बघितलं. "तुला काय झालंय? उंदीर मारायची गोळी टाकताना डोळे मिटतेस तू."

"या वेळी उघडे ठेवीन."

सिल्वीचं शाळेतलं धनुष्य कोठाराच्या खुंटीवर लटकत होतं. आयलीनं ते पुसलं, त्याच्या दोन्ही टोकांच्या चाकांना तेल दिलं. चव्वेचाळीस पौंडांचा ताण. रेइनोचं सत्तरचं. बाण मात्र घरात रेइनोचेच होते. या घराण्यात बाण वडिलांकडून मुलाकडे जायचे, चुलत्याकडून पुतण्याकडे जायचे. सगळे पुरुष आडदांड, सगळ्यांची धनुष्यं सत्तरच्या आसपास, त्यामुळे बाण आपल्या धनुष्याला बघून घ्यायचा असतो हे इथं कधी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

पहिल्याच दिवशी दोरी तिच्या डाव्या हातावर अशी बसली की कोपरापासून मनगटापर्यंत वांग्याच्या रंगाचा पट्टा उठला. दुसऱ्या दिवशी तिनं त्यावर जुन्या बुटाचं कातडं बांधलं. बाण सोडला की तो डावीकडे जायचा. उजवीकडे नेम धरला तरी डावीकडे. एक कोठाराच्या दारात घुसला, एक कोबीच्या वाफ्यात शिरला. तिसरा दगडावर आपटून दुभंगला तेव्हा रेइनो पायरीवरून उठला आणि आत गेला. ते आयलीला दोरीच्या फटक्याहून जास्त लागलं.

"हातात जोर नाही तुझ्या," रात्री जेवताना तो एवढंच म्हणाला.

जोर नाही असं कसं? बावीस वर्षं ती मागावर चिंध्यांचे गालिचे विणत होती. जुने शर्ट, चादरी, शेजारणींचे फाटके परकर फाडून पट्ट्या करायच्या, गाठी मारायच्या आणि फणी ठोकत बसायचं. तिचे खांदे रेइनोला माहीत नव्हते असं नाही. तो विसरला होता, आणि ती विसरायला लागली होती.

दोन आठवडे असेच गेले. बटाटे काढून झाले, सरपण रचून झालं. रोज चाळीस बाण मारायचे आणि त्यातले तीस शोधत हिंडायचं. शेवटी तिनं एक बाण उचलला, पिकअपमध्ये टाकला आणि हमरस्त्यावरच्या पॅस्कोच्या दुकानात गेली.

पॅस्को तिच्या वर्गातला. त्याचे आजोबा कॉर्नवॉलमधून इथं तांब्याच्या खाणीत आलेले, नातू आता गळ, बंदुका आणि बाण विकत होता. त्यानं तिचं धनुष्य बघितलं, मग बाण बघितला, आणि डोक्याला हात लावला.

"आयली, हा बाण आहे की पहार?"

"हातात जोर नाही म्हणे माझ्या, डावीकडेच जातो. बाण रेइनोचा आहे."

"तेच म्हणतोय मी. बाण सुटताना जरासा वाकावा लागतो, मग सरळ होतो. हा वाकायला सत्तर पौंड मागतो, तू देतेस चव्वेचाळीस. तो वाकतच नाही, धनुष्याला ढुशी मारून बाजूला पळतो. कोण म्हणालं तुझ्या हातात जोर नाही?"

"म्हणालं कुणीतरी."

आयलीला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी आलं. पॅस्कोनं शहाण्या माणसासारखं दुसरीकडे बघितलं. मग त्यानं काचेखालचं खोकं काढलं. बारा बाण, एकसारखे, काळे, चकचकीत. किंमत एकशे ऐंशी डॉलर. आयलीनं खोकं झाकून परत दिलं.

"याहून खाली?"

"खाली म्हणजे ते," पॅस्कोनं हनुवटीनं कोपरा दाखवला.

कोपऱ्यात दुधाचा जुना कॅन होता. त्यात फुटकळ बाण उभे होते. कुणी बारातले दोन परत केलेले, कुणाची पिसं उडालेली, कुणाचं शेपूट तुटलेलं. दीड डॉलरला एक. मुलं परसात डबे पाडायला न्यायची.

"बाण वाईट नाहीत सगळे," पॅस्को म्हणाला. "पण एकाचं तोंड दुसऱ्याकडे नाही. ज्यांवर पाचशेचा आकडा छापलेला असेल तेच बघ, ते तुझ्या धनुष्याला पुरेसे मऊ. आणि पैसे राहू दे. बायको कधीची तुझा निळा गालिचा मागतेय."

आयलीनं कॅन जमिनीवर ओतला आणि मांडी घालून बसली. पाचशेचे बावीस निघाले. एकेक घेऊन तिनं कानापाशी धरून किंचित वाकवला. आत चर्रकन वाजला तो बाजूला. उरलेले काचेवर लोळवले. सरळ बाण गुपचूप लोळतो, वाकडा टकटक करतो. मागावरच्या काड्या ती अशाच बघायची, त्यामुळे तिच्या बोटांना डोळ्यांच्या आधी कळत होतं. एक सुंदर हिरवा बाण तिला फार आवडला होता, तो टकटकला. तिनं तो परत लोळवला, की कदाचित चुकून वाजला असेल. परत टकटकला. तिनं तो कॅनमध्ये ठेवला.

दोन तास गेले. तेवढ्यात दाराची घंटा वाजली आणि तौनो आत आला. त्यानं तेच एकशे ऐंशीवालं खोकं घेतलं, उघडूनही बघितलं नाही, आणि मग त्याला जमिनीवर बसलेली आयली दिसली.

"काय वहिनी, सवय सुटत नाही वाटतं! चिंध्या वेचताय?"

गळ बघत उभे असलेले दोघे खो खो हसले. आयलीचे कान तापले. ती मान खाली घालून बाण लोळवत राहिली. तिच्या डाव्या हाताला नऊ बाण जमले होते. तांबडे, पिवळे, काळे, एकाची पिसं दुसऱ्याला नाहीत.

घरी रेइनोचा काडतुसांची दारू तोलायचा छोटा तराजू होता. त्यावर तिनं नऊही तोलले. एक फारच जड निघाला, तो वेगळा केला. राहिले आठ. दुसऱ्या दिवशी परसात मारले आणि ती जागच्या जागी उडी मारायचीच राहिली. बाण सरळ जात होते! पाच तर ताटलीत बसले. पण तीन बसेनात. पिवळा वर जायचा, तांबडा खाली उजवीकडे, आणि एक काळा त्याच्या मनाला येईल तिकडे. पाच मारायला पाच होते, पण त्या पाचांतलाही एखादा मधूनच फितूर व्हायचा, आणि पातं लावलं की जास्तच.

"कॅनमधले ते कॅनमधलेच," रेइनो म्हणाला. पण या वेळी तो पायरीवरून उठून गेला नाही. बसून बघत राहिला.

शनिवारी दुपारी सौना, म्हणजे परसातली घाम काढायची लाकडी खोली, तापवली. आठवड्याचं ते एक काम या घरात देवळाइतकं नेमाचं. तिथं भांडायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. आयलीनं ठरवलं होतं की बाणांची जुनी प्लास्टिकची पिसं काढून सगळ्यांना एकसारखी लावायची. जुना डिंक सैल व्हावा म्हणून तिनं पोकळ बाणांची दोन्ही टोकं मेणानं बुजवली आणि पाण्याच्या लाकडी डोणीत कोमट पाणी ओतून आठही बाण त्यात सोडले. डिंक सुटला, पिसं निघाली, नुसत्या काड्या तरंगत राहिल्या. ती बाकावर बसली. तिच्या शेजारी रेइनो पंचा गुंडाळून घाम काढत होता.

आयली पाण्याकडे बघत होती. पिवळी काडी हळूच फिरली आणि थांबली. तिच्यावर छापलेला पाचशेचा आकडा खाली. तिनं बोटानं आकडा वर केला. काडी परत फिरली, आकडा खाली. पुन्हा केला. पुन्हा तेच. तांबडीला ढकललं. तीही फिरली, पण तिचा आकडा बाजूला येऊन थांबला. दर वेळी तिथंच.

"रेइनो, खाली ये."

"घाम येतोय आत्ता कुठं."

"खाली ये म्हणते ना."

तो आला. दोघंही डोणीवर ओणवी झाली. तिनं त्याला फिरवून दाखवलं.

"एक अंग जड आहे हिचं," रेइनो म्हणाला. "मग?"

"जड का असेल?"

"बनवताना गुंडाळतात तिथं जोड येत असेल. स्वस्तातला जोड, जाड होणारच."

"जाड तिथं ताठ," आयली म्हणाली. ती उठून उभीच राहिली. "अरे, माझ्या चिंध्यांच्या गाठी! गाठ असते तिथं पट्टी जाड होते. वाट्टेल तशा गाठी आल्या की गालिचा उचलतो, वाकडा पडतो. सगळ्या गाठी एका अंगाला घेतल्या की पडतो की नाही सपाट? गाठी काढून टाकता येत नाहीत. एका अंगाला आणता येतात. मी पिसं कुठंही चिकटवली तर प्रत्येक बाण आपल्या गाठीकडून वाकणार. सगळ्यांच्या गाठी खाली ठेवल्या तर?"

रेइनोनं स्वतः एक काडी बोटानं फिरवून बघितली. नाकावरून घाम डोणीत टपकत होता. मग तो तसाच पंचावर बाहेर गेला, आणि परत आला तो आईची नखं रंगवायची लाल बाटली घेऊन. लेम्पी मागून ओरडत होती की ती बाटली रविवारी लागते.

आठ काड्या स्थिर झाल्यावर आयलीनं प्रत्येकीच्या वरच्या अंगाला फुंकर मारून, पुसून, एकेक लाल ठिपका दिला.

पिसं चिकटवायचा साचा रेइनोनं एप्रिलपासून हातात घेतला नव्हता. आता तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर आला. टर्कीची पिसं त्याच्या डब्यात होती. उजवा हात फक्त दाबून धरण्यापुरता, सगळं काम डाव्यानं. पहिल्या बाणाला दीड तास लागला आणि तीन शिव्या. दुसऱ्याला तास. ठिपका वर, मग त्या मापानं तीन पिसं, मग मागची खाच ठिपक्याशी जुळवून. चौथ्या दिवशी आठही बाण दारामागं उभे होते, सगळ्यांना एकसारखी पिसं. आणि त्या चार दिवसांत रेइनो एप्रिलपासून जेवढा बोलला नव्हता तेवढा बोलला. डिंकाबद्दल बोलला, वडिलांबद्दल बोलला, आणि एकदा खाली बघत म्हणाला, "हातात जोर नाही असं मी बोलायला नको होतं." आयलीनं त्याच्या कपात न विचारता कॉफी ओतली. ती त्या क्षणी फार सुखात होती.

पाचव्या दिवशी तिनं आठ बाण मारले. आठही ताटलीत. सहा तर बशीत मावले असते.

शेवटच्या रविवारी चर्चमधून आल्यावर सगळे परसात जमले. सरोवरावरून वारा सुटला होता. लेम्पी खुर्ची टाकून बसली, मांडीवर कागदी ताटल्यांचा गठ्ठा. ओस्कारीच्या पावलांनी मोजलेला दोर अजून होता, त्यानंच पंचवीस पावलं मापली.

तौनोनं आधी मारले. चकचकीत काळे बाण, हलके आणि फार वेगाचे. तीन झकास बसले. चौथा काठावर गेला. लेम्पी चष्मा लावून ताटलीपाशी गेली, वाकली, नाक लावून बघितलं.

"कागद फाटलाय. म्हणजे आत."

तौनोनं सोडलेला सुस्कारा वाऱ्यातही ऐकू आला. पाचवा त्यानं फार सांभाळून मारला आणि तो बसला. टेकडीचं मचाण त्याचं राहिलं. आता आयलीचा एक बाण बाहेर गेला की देवदारातलंही त्याचंच होणार होतं.

आयली उभी राहिली. हातावर बुटाचं कातडं, डोक्याला रुमाल. पाती रेइनोनं डाव्या हातानं दगडावर घासली होती, स्वतःच्या दंडावरचे केस उडेपर्यंत. तिनं दोरी गालापर्यंत आणली. बाण गेला तो कळला नाही, नुसता गठ्ठ्यातून थप्प आवाज आला. दुसरा. तिसरा. तिन्ही ताटलीत.

चौथा लावला तेवढ्यात तौनो खाकरला. "वहिनी, वारा फिरलाय हं. बघा. सांगून ठेवतो."

तिनं दोरी सैल केली, धनुष्य खाली घेतलं.

"तुझ्या तोंडातून येतोय तो वारा," लेम्पी म्हणाली. "मीट ते."

रेइनो हसला. एप्रिलनंतर पहिल्यांदा, मोठ्यानं. त्याचं ते हसणं ऐकून आयलीनं धनुष्य पुन्हा उचललं. तिनं चौथा मारला. मग पाचवा, तो पिवळा, कॅनमधला सगळ्यात खट्याळ. ठिपका वर आहे ना हे तिनं अंगठ्यानं चाचपलं आणि सोडला.

रेइनोनं बाण उपटून काढले. लेम्पी गठ्ठ्यापाशी गेली, तिनं आपला सुरकुतलेला तळवा उघडून ताटलीवर ठेवला. पाच भोकं त्या तळव्याखाली होती. एकही बाहेर उरलं नाही.

"देवदारातलं मचाण आयलीचं," ती म्हणाली, आणि ताटली घडी करून पर्समध्ये टाकली. कुणी मागितली तरी द्यायची नाही, हे तिच्या तोंडावर लिहिलं होतं.

ऑक्टोबरचे तीन दिवस आयली मचाणावर बसली आणि तिला दोन खारी आणि एक साळिंदर दिसलं. चौथ्या दिवशी पहाटेचं दंव पडलेलं, श्वासाची वाफ होत होती, आणि फटफटल्यावर देवदारातून एक नर बाहेर आला. शिंगांना दोन दोन टोकं. तो अठरा पावलांवर थांबला आणि त्यानं मान शेवाळात घातली. आयलीनं डोळे मिटले नाहीत. दोरी गालाशी आली, नेम खांद्यामागच्या सुरकुतीवर गेला, आणि बाण आरपार निघून पलीकडच्या मातीत रुतला. नर दोन उड्या मारून झाडीत शिरला. मग काहीच नाही.

रेइनोनं शिकवलं होतं तसं तिनं अर्धा तास थांबून घेतलं. तो अर्धा तास तिच्या आयुष्यातला सगळ्यात लांब होता. ओस्कारीची हरवलेली हरणी तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. मग ती उतरून घरी गेली आणि रेइनोला घेऊन आली. बाण सापडला. पिवळा होता, पिसांपर्यंत लाल, कुठंही न तडकलेला. रेइनो नेच्याच्या पानांवरचे रक्ताचे थेंब बघत वाकून पुढे चालला. बासष्ट पावलांवर तो थांबला.

"आयली."

नर देवदाराच्या मुळाशी पडला होता. तडफडल्याची खूण नव्हती. आयलीनं त्याच्या मानेवर हात ठेवला आणि ती रडली, आणि रडताना हसत होती. रेइनोनं डावा हात तिच्या पाठीवर ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

दोर शिंगांना बांधला. तो डाव्या खांद्यानं ओढायला लागला, ती उजव्या. घरापर्यंत तीनदा बसावं लागलं. लेम्पी दारात उभी होती.

"बारीकच आहे," ती म्हणाली. मग तिनं आयलीचा रक्तानं भरलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि सोडेना.

फ्रीजर भरला. भरायच्या आधी आयलीनं एक मागची मांडी स्वच्छ फडक्यात बांधून तौनोच्या घरी पाठवली. तौनोचा त्या महिन्यात दोनदा नेम चुकला होता असं कानावर आलं होतं. तिनं निरोप काहीच दिला नाही.

पुढच्या शनिवारी सौना तापत होती. आयली लाकडं आत टाकत होती तेव्हा फाटकाशी तौनोची गाडी थांबली. मांडी पाठवलेलं ताट त्यानं धुऊन परत आणलं होतं. दुसऱ्या बगलेत गुंडाळलेला पंचा होता. तो पायरीपाशी आला, बुटाचं टोक पायरीला घासलं, आभाळाकडे बघितलं.

"वहिनी, मांडी फार छान शिजली."

"बरं झालं."

"दादा आहे का?"

"आत आहे. काम काय?"

तौनोनं पंचा जरासा उघडला. आत बारा काळे बाण होते, चकचकीत. "म्हटलं," तो म्हणाला, "तुमची ती डोण जरा मोकळी असेल तर."

आयलीनं एक बाण काढला, कानापाशी धरून वाकवला, मग पायरीवर लोळवला. तो गुपचूप लोळला. दुसरा घेतला. तो टकटकला. तिनं तो बाजूला ठेवला. तौनो त्या बाजूला ठेवलेल्या बाणाकडे बघत राहिला.

"बसा त्या बाकावर," आयली म्हणाली, आणि तिसरा बाण हातात घेतला. "चिंध्या वेचायचं काम आहे, वेळ लागतो."